कशाहून कमी

पन्नासच्या दशकात मी साथीच्या पाहणीवर मोजणीदार होतो. शेलूबाजारजवळच्या एका गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली, तेव्हा घरोघर फिरून कोण आजारी पडलं आणि ते घर कुठलं पाणी पितं, हे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पाणी तीन ठिकाणचं: नाल्याचं, बाजारातल्या उघड्या विहिरीचं आणि लांब मळ्यातल्या झाकलेल्या विहिरीचं.

माझी थोरली बहीण त्याच गावात दिलेली होती. मी तिच्याकडेच उतरलो होतो.

प्रत्येक पाण्यामागे आजारी घरं किती, धडधाकट किती, याचं प्रमाण मी काढलं. तुलनेला एक पाया लागतो. नाल्याचं पाणी पिणारी घरं सर्वांत जास्त, म्हणून मी नालाच पाया धरला आणि बाकीची दोन पाणी त्याच्याशी ताडली. बाजारातल्या विहिरीपुढे आकडा बराच खाली आला.

ताईनं विचारलं, "मळ्यातली विहीर लय लांब पडते रे. बाजारातलं पानी भरू का?"

"भर ना. तिथं आजार कमी हाये."

पाचव्या दिवशी तिच्या धाकट्या मुलीला जुलाब सुरू झाले. बैलगाडीनं मंगरुळपीरच्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तेरावं झाल्यावर मी तोच कागद पुन्हा मांडला. या वेळी मळ्यातली विहीर पाया धरली. बाजारातल्या विहिरीचा आकडा कितीतरी पट वर गेला. एकाही घराची नोंद बदलली नव्हती. नाल्यापेक्षा कमी, एवढंच त्या पहिल्या आकड्याचं म्हणणं होतं. ते पाणी चांगलं आहे असं तो बोललाच नव्हता. ते मी बोललो होतो.

ताईला सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून तिनं जळतं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "कमी म्हनजे कशाहून कमी, हे तवाच काहून नाही सांगतलं मले?"



पुढे कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवलं. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे गटागटांतली शक्यता ताडून पाहण्याची रीत, तिच्यातला एखाद्या गटाचा आकडा पोरं सुटाच वाचायची. संदर्भगटाचं, म्हणजे पाया धरलेल्या गटाचं, नाव वाक्यात आलं नाही, तर मी उत्तर खोडायचो. पोरांना ते छळणं वाटायचं.

ताईनं बोलणं टाकलं नाही. दिवाळीला ओवाळायची, जेवू घालायची. सल्ला मात्र तिनं मला पुन्हा कधी विचारला नाही.