रव्हनीर म्हणजे परत येणे

माझी मुलगी मानसी सव्वीस वर्षांची आहे आणि पोटासाठी इंग्रजी वाक्यं फ्रेंचमध्ये करते. महाडात, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या घराच्या माडीवर बसून. फ्रेंच ती पुण्याला कॉलेजात शिकली. तिचे बाबा नोकरीला मुंबईत, मी इथे एकटी पडते, म्हणून परत आली. लहानपणापासून तिचा स्वभावच तसा. तोंडातून शब्द गेला की पाळायचाच. पाचवीत असताना पोलादपूरच्या मैत्रिणीला "येते" म्हणाली होती, तर अंगात ताप घेऊन एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली होती.

जानेवारीत तिच्याकडे एक काम आलं. एका फ्रेंच कंपनीकडे घर उबदार ठेवणारे हीटर बिघडल्याच्या तक्रारी येतात, त्यांना यंत्राने आपोआप पाठवायची उत्तरं. त्यात एक वाक्य होतं, "वुई विल गेट बॅक टु यू." आपल्या ऑफिसांतही सगळे हेच लिहितात. अर्थ एवढाच की बघू, कळवू. मानसीने त्यावर दोन दिवस घातले. 'उत्तर देणे' तिला फार ठाम वाटलं, 'कळवणे' कोरडं. शेवटी तिने 'रव्हनीर' हे क्रियापद घेतलं. तिकडच्या ऑफिसांत हल्ली तेच चालतं, म्हणाली.

"म्हणजे काय गं?"

"शब्दशः? आम्ही तुमच्याकडे परत येतो."

ठकूबाई तिथेच बसली होती. उमरठहून ती दर आठवड्याला आमच्याकडे नाचणी आणि भाजी घेऊन येते.

"कुनाला सांगतेस गो, येते म्हनून?"

"मी नाही मावशी, यंत्र सांगतं. हजारो लोकांना."

"हजार घरी जायला तुला पाय किती हायत?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आमच्यात मयताच्या घरातून निघताना येतो म्हनत नाय. म्हटलं की यावं लागतं."

आम्ही बौद्ध माणसं, असलं काही मानत नाही. मी मेथी निवडायला घेतली.

यंत्राला न उमगलेली पत्रं मानसीकडे येत. मार्चच्या सुरुवातीला एका म्हातारीचं आलं. डोंगरातल्या खेड्यात एकटी राहणारी, हीटर बंद पडलेला. तिने लिहिलं होतं, "तुम्ही परत येतो म्हणालात. मला पटकन उठवत नाही, म्हणून मागचं दार उघडंच ठेवलं आहे."

बाहेर बर्फ असणार. मानसीचा चेहरा उतरला. तिने काम देणाऱ्या ऑफिसला फोन करून सांगितलं, कुणीतरी माणूस पाठवा. "तुझं काम भाषांतराचं," ते म्हणाले. मग तिने स्वतःच म्हातारीला लिहिलं, की आजी, दार लावून घ्या, ती फक्त बोलायची पद्धत आहे, कुणी येणार नाही.

त्याच आठवड्यात मानसी दुपारची झोपू लागली. आधी कधी झोपत नसे. जेवण झालं की खुर्चीतच मान कलंडायची आणि कितीही हाका मारल्या तरी जाग यायची नाही. एकदा चादर घालायला गेले तर तिचे तळपाय गारठलेले. बाहेर रणरणतं ऊन होतं, तळ्याकडून वीस मार्चसाठी मंडप ठोकल्याचे आवाज येत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन जरा कमी आहे, म्हणाले.

मग म्हातारीचं उत्तर आलं. मानसीने मला ते मराठीत वाचून दाखवलं. "कुणी येणार नाही असं कसं? तुमच्याकडची मुलगी मंगळवारपासून रोज येते. टेबलावर डोकं टेकून बसते, बोलत नाही. दार लावलं तर ती आत कशी येणार?"

"एकटी आहे बिचारी. होतात भास," मानसी म्हणाली.

"किती वाजता येते, विचार."

"आई, तू पण?"

"विचार म्हणते ना."

उत्तर आलं, सकाळी नऊच्या सुमाराला. मानसीने बोटांवर मोजलं. तिकडचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड. तिची मान कलंडायची तीच वेळ. 

तरी दार लावायला सांगणं भागच होतं. त्या थंडीत म्हातारी किती दिवस तग धरणार? पण मानसी झोपेत असतानाच ते दार लागलं तर, हा विचार काही माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती कलंडली. मी तिचा हात धरून शेजारी बसून राहिले. तीन वाजता तिने डोळे उघडले. मी तिला तिचं नाव विचारलं, माझं विचारलं, बाबांचं विचारलं.

"वेड लागलंय का तुला?" ती खेकसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"आता लिही. म्हणावं, ती यापुढे येणार नाही. दार लावा."

तिने माझ्यासमोर लिहिलं. मी तिला ते क्रियापदही बदलायला लावलं. आता यंत्र साधं "उत्तर देऊ" म्हणतं.

संध्याकाळी म्हातारीचं पत्र आलं. मानसीने वाचलं आणि म्हणाली, "लावलं दार. हीटरवालाही येऊन गेला. घर उबदार झालंय." मी तळ्याकडे जाऊन पाय मोकळे करून आले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पत्रात आणखी एक ओळ होती. ती तिने मला वाचून दाखवली नव्हती. नंतर मी फोनवर भाषांतर करून पाहिली. "मुलगी अजून आत टेबलावर डोकं टेकून झोपली आहे. तिला उठवलं नाही."

तेव्हापासून मानसी दुपारची झोपत नाही. रात्रीही नाही. हे लिहिते आहे तेव्हाही माडीवर दिवा आहे. मी दोनदा वर जाऊन आले. ती नुसती बसली आहे, पुढ्यात काम नाही. "तू झोप गं आई," म्हणते, "मला झोपच येत नाही." चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही. आज अकरावी रात्र.