चेपलेला कोपरा

“विमा नाही काढला, मान्य! शंभरदा मान्य. पण विमा नाही म्हणून काय वस्तू आदळत-आपटत न्यायची? बघा की जरा. टाळूपासून उभी दोन भकलं झालीत.”

दातवाल्यांनी कवळीचे तुकडे पोस्टाच्या खिडकीतून आत सरकवले, तशी खिडकीवरची बाई खुर्चीसकट मागं सरकली.

“अहो काका, टेबलावर नका ठेवू! माझी जेवायची वेळ झालीय.”

“नवी कोरी आहे बाई! कुणाच्या तोंडात गेली नाही अजून. तीच तर रड आहे.”

रांगेत मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाई काही हसली नाही. ती म्हणाली, “मी त्या दिवशी विचारलं होतं का नव्हतं, विमा काढायचा का म्हणून? तुम्ही काय म्हणालात आठवतंय?”

दातवाल्यांना चांगलं आठवत होतं. ‘दात कोण चोरतंय?’ असं ते म्हणाले होते. तेव्हाही रांग हसली होती, आणि आपल्या विनोदावर खूश होऊन ते घरी गेले होते.

“मोठ्या साहेबांना भेटा,” बाईनं सांगितलं, “आणि ते दात उचला आधी.”

मोठे साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून खोका चारी अंगांनी फिरवला. म्हणाले, “हे बघा, विमा असता तर प्रश्न नव्हता. विमा नाही, तर नियमानं तुम्हाला काही मिळत नाही. फक्त एकच वाट आहे. आमच्या माणसाची हयगय सिद्ध झाली पाहिजे. कुणी टाकलं, कुणी आपटलं, ते नावानिशी. मग भरपाई मिळते आणि तसं लेखी पण मिळतं.” मग त्यांचं बोट खोक्याच्या कोपऱ्यावर थांबलं. “हा कोपरा कुठं चेपला?”

दातवाल्यांनी अर्ज पुढं ओढला. “ते तुम्हीच शोधून काढा,” ते म्हणाले आणि अर्जावर सही ठोकून बाहेर पडले. पायऱ्या उतरताना त्यांना आपल्या उजव्या पायाची लाज वाटत होती.

कारण तो कोपरा त्यांनीच चेपला होता. घरी, फरशीवर, टाचेखाली घेऊन.

तसा हा माणूस खोटारडा नाही. चाळीस वर्षं एकाच खोलीत बसून लोकांचे दात बनवतोय. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात. हे त्यावर प्लास्टर ओततात, मेण बसवतात, मेणात एकेक दात लावतात, मग मेणाच्या जागी हिरडीची गुलाबी पट्टी शिजवतात. गावातली निम्मी म्हातारी माणसं यांच्या दातांनी हसतात, पण ओळख डॉक्टरांची. रस्त्यात कुणी तोंडभर हसलं की दातवाले माणसाकडं बघतच नाहीत, आपल्या कामाकडं बघतात. बायको म्हणते, “अहो, लोकांच्या तोंडाकडं असं टक लावून बघत जाऊ नका. मार खाल एखाद दिवशी.”

या धंद्याला त्यांना लावलं ते आक्कानं, थोरल्या बहिणीनं. शाळेत काही दिवे लागेनात, तेव्हा आक्कानं बखोटीला धरून एका म्हाताऱ्या कारागिराच्या दारात नेऊन उभं केलं. “याचे हात चांगलेत, डोकं तुम्ही घाला,” असं म्हणाली. तिचे स्वतःचे दात पुढं एकेक करून गेले. शेवटचे दोन तर दोन वर्षांपूर्वीच पडले. दातवाल्यांनी दोन वर्षं “करतो, करतो” करून काढली. गिऱ्हाइकाला तारीख देता येते, बहिणीला कसली तारीख? शेवटी आक्काच आली, तोंड उघडून बसली, माप देऊन गेली.

कवळी झकास उतरली. आता ती नेऊन आक्काच्या तोंडात बसवायची, कुठं टोचतंय ते बघायचं, तिथं घासायचं. कवळी तोंडात बसल्याशिवाय पुरी होत नाही, हे दातवाले प्रत्येक नव्या डॉक्टरला ऐकवतात. पण आक्काचं घर पडलं दिवसभराच्या प्रवासावर. गाडी दोनदा बदला, तिथं राहा, तिच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐका. त्यांनी अंग चोरलं. ओल्या कापसात कवळी गुंडाळली आणि तिथल्या डॉक्टरला घासताना हाताशी असावा म्हणून आक्काच्या जबड्याचा प्लास्टरचा ठोकळाही त्याच खोक्यात घातला. दगडासारखा टणक ठोकळा. आणि दिलं टपालात.

“सख्ख्या बहिणीचे दात टपालानं धाडणारे तुम्हीच पहिले,” बायको म्हणाली होती.

कवळी पोचली ती फुटकी, असा आक्काचा फोन आला आणि पंधरा दिवसांनी खोका परत आला. आक्काच्या शेजारचा माणूस इकडं येत होता, त्याच्या हातून. खोका बाहेरून धडधाकट होता. एक ओरखडा नाही. उघडल्याबरोबर दातवाल्यांना सगळं कळलं. कापूस वाळून एका बाजूला सरकला होता. ठोकळा आतल्या आत खेळत गेला होता आणि उखळात मुसळ चालावं तसा त्यानं कवळीवर घाव घातला होता. ठोकळ्याच्या कडेला गुलाबी कीससुद्धा लागलेला होता. नवशिक्यानं अशी बांधणी केली असती तर दातवाल्यांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

पण तोवर फोनवर बोलून बसले होते ना! “पोस्टवाल्यांनी फोडली, आक्का. मी सोडतो की काय त्यांना?” भाचा म्हणाला, “मामा, लेखी घ्या त्यांच्याकडून.” मागून सून काहीतरी पुटपुटली. दातवाल्यांना ऐकू आलं ते एवढंच, ‘पट्टीच कच्ची असेल.’ ते मात्र झोंबलं. भरपाईचं सोडा, त्यांना कागद पाहिजे होता. शिक्क्याचा, कवळी पोस्टानं फोडली असं सांगणारा. म्हणून टाच.

बायको दारात उभी होती. “खोका काल तर नीट होता,” एवढंच बोलली आणि आत गेली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, दातवाले प्लास्टर कालवत असताना दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, दणकट, चपला बाहेर काढून.

“तुम्हीच ना दातवाले?”

“या, बसा. तोंड उघडा बघू. वरचे का खालचे?”

“दात नाही हो. खांदा,” तो माणूस म्हणाला. “मी पोस्टातला. थैले उतरवतो-चढवतो.”

दातवाल्यांच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली.

“तुमचं पार्सल मंगळवारचं होतं ना?” थैलेवाल्यानं विचारलं.

नाही म्हणावंसं वाटलं. पण पावतीवर तारीख होती. “हो. मंगळवारचं.”

“मग मीच तो.” थैलेवाला स्टुलाच्या कडेवर टेकला. “त्या दिवशी एक थैला निसटला माझ्या खांद्यावरनं. फळीवरनं थेट खाली. वर्ष झालं, हा हात डोक्यावर जात नाही. घरी शर्ट बायको चढवून देते. हापिसात कुणाला ठाऊक नाही. साहेब काल सगळ्यांना विचारत होते, कुणाच्या हातनं झालं? मी गप्प राहिलो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एका म्हातारीचे दात, आणि मी गप्प!”

“अहो, पण थैल्यात शंभर वस्तू असतात...”

“कोपरा बघितला मी. चांगला आत गेलाय. आपटल्याशिवाय जात नाही तसा.” तो आपल्या हाताकडं बघत बोलत होता. “उद्या सकाळी लिहून देणार आहे. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात जायचं. आता मला थैल्यावरनं काढतील. दुसरं काम मला येत नाही आणि अक्षर तर असं, की माझं मलाच लागत नाही. पण ते माझं मी बघेन. तुम्ही फक्त तुमच्या बहिणीला सांगा, मुद्दाम नाही केलं म्हणावं.”

आता बोल, दातवाल्यांनी स्वतःला सांगितलं. एवढंच म्हणायचं, की बाबा, तुझा खांदा नाही, माझी टाच. चार शब्द. तोंड उघडलंही त्यांनी. आणि उघडलेल्या तोंडातून बाहेर पडलं, “चहा घेणार?”

थैलेवाल्यानं चहा घेतला. डाव्या हातानं. कप खाली ठेवून, “चांगली माणसं आहात तुम्ही, दुसरा अंगावर धावून आला असता,” असं म्हणून गेला. भांड्यातलं प्लास्टर पळीसकट दगड झालं होतं. बायकोनं कप उचलला आणि नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाले आधी दाढी करत बसले, मग शर्टाचं बटण शोधत बसले. मग डॉक्टरांच्या दोन फोनवर उगाच लांबण लावली. बायकोनं शेवटी चपला आणून पुढ्यात टाकल्या. “जाताय, का मी जाऊन सांगू?”

ते पोचले तेव्हा थैलेवाला साहेबांच्या टेबलापाशी उभा होता आणि कागद साहेबांच्या हातात होता.

“या, तुमचंच चाललंय,” साहेब म्हणाले. “तुमचं काम झालं म्हणायचं. यांनी कबूल केलंय.”

“मला अर्ज मागं घ्यायचाय.”

“घ्या ना. पण यांनी लिहून दिलंय त्याचं काय करू? हा कागद तुमच्या अर्जावर चालत नाही आता, स्वतःच्या पायानं चालतोय.”

दातवाल्यांनी टेबलाची कड धरली. “साहेब, तो कोपरा यांच्या हातनं नाही चेपला. मी चेपला. घरी. टाचेनं. खोका आला तेव्हा धड होता. कवळी आत फुटली ती माझ्या बांधणीनं. दगडाएवढा ठोकळा घातला होता मी शेजारी.”

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, एक कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, “लिहा.”

“काय लिहू?”

“आता बोललात तेच. टाच उजवी का डावी, ते नाही लिहिलंत तरी चालेल.”

दातवाले लिहायला बसले. मिलीमीटरच्या हिशेबानं दात मेणात सरळ बसवणारा हात, पण ओळ खाली खाली उतरत गेली. सही केली. मग मागं वळून थैलेवाल्याकडं बघण्यावाचून इलाज नव्हता.

थैलेवाला ओरडेल, चार लोक गोळा करील, असं त्यांना वाटलं होतं. वाटलं कसलं, तशी आशाच होती.

“काल मी तुमच्या घरी बसलो होतो,” तो म्हणाला. “चहा पाजलात.”

आणि बाहेर गेला.

“साहेब, त्याचा कागद फाडून टाका,” दातवाले म्हणाले.

“थैला पडला ते खोडतो. कोपऱ्याचंही खोडतो. पण त्यात त्यानं खांदा लिहिलाय. हात वर जात नाही म्हणून. ते मी वाचलंय. आता उद्या गाडीपाशी थैला त्याच्या डोक्यावर पडला तर मी कुणाकडं बघू? डॉक्टरकडं पाठवावं लागणार. तोवर बसून गावागावाची पत्रं वेगळी करू दे. पुढचं डॉक्टर ठरवेल.”

“माझ्यामुळं झालं हे.”

“तुमच्यामुळंच झालं,” साहेब म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

बाहेर अंगणात थैलेवाला जिन्यावर बसला होता. दातवाले त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. थैलेवाल्यानं मान वर न करता सांगितलं, “जावा तुम्ही. उगा उभं राहू नका. लोक बघायलेत.” म्हणून ते गेले.

घरी येऊन आधी आक्काला फोन लावला. न थांबता सगळं सांगितलं, टाचेसकट.

“गाढवा,” आक्का म्हणाली. दात नसल्यामुळं शब्द मऊ आला, पण बसला बरोबर. “माझं काय अडलंय? गिळते की सगळं. शिव्या द्यायला दात लागत नाहीत, ऐकतोयस ना. त्या माणसाच्या घरात पोरंबाळं असतील रे.”

“असतील.”

“विचारलं नाहीस?”

“नाही.”

“मग जाऊन विचार. आज नको, आज मारील तो. पण जा.” मग जराशी थांबून, “आणि माझ्याकडं कधी येतोस?”

“शनिवारी. नवी कवळी घेऊन येतो, तिथंच बसून घासतो.”

“ये. गाडीनं ये. टपालानं येऊ नको.”

बायको भाजी निवडत ऐकत होती. तिनं ओठ दाबून धरले, पण खांदे हलले. दातवाल्यांना हसू आलं नाही. चहाचा कप डाव्या हातात धरलेला तो माणूस नजरेसमोरून हलत नव्हता.

डॉक्टरांचा माणूस पाच वाजता वरच्या दातांची एक पट्टी न्यायला येणार होता आणि ती अजून खरबरीत होती. दातवाल्यांनी तोंडाला फडकं बांधलं, मोटर चालू केली आणि पट्टीची कड फिरत्या चाकाला लावली.