हैदराबादहून आणलेली गाडी

नव्वदच्या दशकात आमच्या तेलगावात चारचाकी गाड्या दिसू लागल्या, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुनी पांढरी गाडी घेतली. आमचं कापडाचं दुकान. मालासाठी ते हैदराबादला जायचे, तिथल्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांची ती गाडी. नंबर आंध्रचा. तो बदलून घ्यायचा आणि विमा आपल्या नावावर करायचा, एवढंच काम उरलंय असं त्यांना वाटत होतं.

बीडच्या आरटीओतल्या बाबूंनी कागद चाळले आणि परत दिले. नाहरकत दाखल्यावरची डॉक्टरांची सही एक आणि विक्रीच्या फॉर्मवरची भलतीच. गाडी नावावर झाल्याशिवाय विमा बदलत नाही, असं विमा एजंटानं सांगितलं.

गाडी दुकानापुढच्या कडुलिंबाखाली उभी राहिली. अण्णा रोज सकाळी ती पुसायचे, पण चालवायचे नाहीत. आई एकदा म्हणाली, नारायणगडाला तरी दर्शनाला जाऊन येऊ. अण्णा म्हणाले, "कागद आपल्या नावावर न्हाईत, तवर गाडी बी आपली न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत मला घेऊन ते एसटीनं हैदराबादला निघाले. मी बीडला कॉलेजात शिकत होते, इंग्रजी फॉर्म भरायचं काम माझं.

डॉक्टरांच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. विक्रीच्या फॉर्मवर सही करायच्या सुमाराला त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. लाजेपायी त्यांनी ते सांगितलं नव्हतं. अण्णा निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी डॉक्टरांशी उर्दूत बोलायला हाताच्या चौकशीपासून सुरुवात केली आणि मग चहा होईपर्यंत दोघं शाळेतल्या मास्तरांबद्दलच बोलत राहिले.

कागद काढले डॉक्टरांच्या बायकोनं. पहिल्या विम्यापासूनचे सगळे, वर्षवार बांधलेले. कुठली पावती कधीची, ते त्या न बघता सांगत होत्या. अण्णांनी विचारलं, गाडी तुम्ही चालवायचात का? त्या हसल्या.

"चलाई नहीं. नाम पे भी नहीं थी. बस, संभाली."

डॉक्टरांनी वर्तमानपत्राच्या कडेला चार-पाच वेळा सही गिरवून पाहिली. मग बाईंनी त्यांच्या मनगटाखाली एक जाड पुस्तक सरकवलं, नवा फॉर्म दाबून धरला, आणि सही जुन्या सहीसारखी उमटली. मी बाकीचा फॉर्म भरत खरेदीदाराच्या रकान्यापाशी आले, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "तिथं तुझ्या आईचं नाव टाक."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

आईला आम्ही काही बोललो नाही. गाडी तपासणीला बीडला न्यायची होती, त्या दिवशी अण्णांनी तिलाही सोबत घेतलं. आरटीओच्या साहेबांनी गाडीवर कोरलेल्या चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा उमटवला आणि विचारलं, गाडी कोणाची? अण्णा गाडीची काच पुसत राहिले. आईला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं अण्णांकडे बोट दाखवलं, "यांची."

"न्हाई. तुझी हाय," अण्णा म्हणाले. "सही कर."

आई आधी रागावलीच. "मला आदी कावून सांगितलं न्हाई?" मग पदराला हात पुसून तिनं सही केली. चौथी शिकलेली बाई, एकेक अक्षर जोडत गेली. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

पुढे विम्याची पॉलिसी टपालानं आली. आईच्या नावानं आमच्या घरी आलेलं ते पहिलं पाकीट. पोस्टमननं दुकानाच्या पायरीवरून तिचं पूर्ण नाव पुकारलं, तेव्हा ती आत भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली.

ती गाडी चालवायला कधी शिकली नाही. पण विम्याची मुदत संपायच्या महिनाभर आधीच अण्णांच्या मागे लागायची.

दुसऱ्या वर्षी दोघं गाडी घेऊन त्या डॉक्टरांना भेटायला गेले. आईला हिंदी जेमतेम कळायचं, त्या बाईंना मराठी अजिबात नाही. तरी दोघी तासभर गाडीच्या मागच्या सीटवर बसून होत्या. काय बोलल्या, ते अण्णांनाही कळलं नाही.