गच्चीवर अडकलेल्या अनसूयाबाई

लहानपणी अनसूयाबाईंना सांधे सुजवणारा ताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप कायमची बिघडली. तरी भिवंडीतल्या प्राथमिक शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवलं. फळ्यावर लिहिताना दम लागला की मुलांना पाढे म्हणायला लावायचं आणि आपण खुर्चीत टेकायचं, अशी त्यांची रीत होती. घरातली चढउताराची कामं नवऱ्याकडे, तात्यांकडे असत. दिवाळीचा कंदीलही तेच लावत.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तात्या गेले. त्या वर्षी दिवाळी झालीच नाही. पुढच्या वर्षी नाशिकहून मुलीचा, नीलाचा निरोप आला, "पाडव्याला येते. तुला एकटीला झेपत नसेल तर या खेपेला घेऊनच जाईन."

अनसूयाबाईंनी या बोलण्याची धास्ती घेतली. दार अंधारात दिसलं तर नीला काही ऐकून घेणार नाही, हे त्या ओळखून होत्या.

मग त्यांनी काम तुकड्यातुकड्यांनी करायला घेतलं. एक दिवस नुसता कंदील पुसला. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या त्याला नवा कागद चिकटवला. अंगणातली रांगोळी अर्धी सकाळी काढली, अर्धी ऊन उतरल्यावर. राहिली ती गच्ची. कंदिलाचा बांबू तिथे कठड्याला बांधलेला होता आणि वर जायला मागच्या भिंतीला लोखंडी शिडी होती. शिडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

धनत्रयोदशीच्या दुपारी त्या कंदील पाठीला बांधून चढल्या. पायरीगणिक थांबत वर पोचल्या. कंदील बांधला, वायर खाली सोडली. फार बरं वाटलं त्यांना.

उतरायला म्हणून वळून खाली पाहिलं आणि छातीत बिनसलं. एक मोठा ठोका, मग काहीच नाही, मग घाईघाईने चार-पाच एकदम. त्या तापलेल्या स्लॅबवरच बसल्या. गोळ्या खाली, स्वयंपाकघरात.

त्यांनी हाक मारली. पण घरामागेच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. त्या खडखडाटात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. समोरच्या आळीत चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पाडव्याची संध्याकाळ आली. नीला बॅग घेऊन दाराशी उभी आहे, वर कंदील नीट टांगलेला आहे, आणि ती कडी वाजवते आहे, वाजवतेच आहे. ओरडायचं तर श्वास पुरेना, आणि श्वास सांभाळायचा तर ओरडणं सोडावं लागत होतं.

अचानक लाइट गेली. लूम थांबले.

"अगं... कोणी आहे का?" त्यांनी उरलासुरला जीव घशात आणला.

उकाड्याने बाहेर आलेल्या बायकांत कमळ होती. जवळच्या वळ गावची, कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी. तिने मान वर केली. "कोन हाय? माई? तुमी वर कशाला गेल्या?"

"गोळी... फळीवर, निळी डबी. मागचं दार उघडंच आहे."

कमळ मधला दगडी गडगा ओलांडून आली. गोळी आणि पाणी घेऊन वर चढली. अनसूयाबाईंचा श्वास बसेपर्यंत त्यांची पाठ चोळत राहिली. मग स्वतः एक पायरी खाली उभी राहून म्हणाली, "आता खाली बघायचा न्हाय. पाय मी ठेवते, तुमी फकस्त दांडा धरा." आणि तिने एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर टेकवलं. निम्म्यावर असताना लाइट आली, लूम धडधडायला लागले, तशा अनसूयाबाई दांड्याला घट्ट चिकटल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा हलल्या.

पाडव्याला नीला आली. अनसूयाबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी रडली, मग भांडली.

"घेऊन जायचं तर ने," अनसूयाबाई म्हणाल्या, "पण मला इथेच राहायचंय. भीती वाटते, तरीही."

नीला आठवडाभर राहिली. जाण्याआधी तिने शिडी कापून काढायला लावली आणि बांबूला कप्पी बसवून घेतली. रोज ड्युटीवर जाताना कमळने हाक द्यायची आणि आतून ओ आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं.

त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या अनसूयाबाईंनी त्याच घरात काढल्या. अंगणात खुर्ची टाकून त्या दोरी ओढत. कंदील थोडा वर गेला की दोरी खुर्चीच्या हाताला गुंडाळून मनगटावर बोट ठेवत, नाडी सरळ लागेपर्यंत डोळे मिटून बसत, आणि मग पुन्हा ओढायला लागत.