बेटावरची ओटी

मायचं माहेर धरणात गेलं तेव्हा गावामागचं टेकाड तेवढं पाण्याच्या वर राहिलं. त्याचंच आता बेट झालंय. सुट्टीच्या दिवशी हिंगोलीची माणसं तिथं डबे घेऊन जातात आणि पोटभर कचरा करून येतात. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मायला विसर पडायचा. "तुझे बाबा कुठं गेले?" विचारायची, आणि खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. जिवाला जरा विरंगुळा म्हणून तिला बेटावर नेऊ, असं दादाच्या मनात आलं. मला काही ते पटलं नव्हतं, पण आमच्या घरात दादाच्या मनात आलं की झालंच.

तिथं चूल मांडून खिचडी करायची हीही त्याचीच हौस. लाकडं ओली, धूर सगळा माझ्या डोळ्यांत. माय मात्र मागून मागून जेवली. पाण्याकडे बोट दाखवत विहीर कुठं, चिंच कुठं, सांगत राहिली. कित्येक महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

उन्हं कलली. वारं सुटायच्या आत निघू, असं होडीवाला म्हणाला. माय जागची हलेना.

"काहून, माय?" दादानं विचारलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, ओटी भरल्याबिगर मी कशी जाऊ? हे तिकडं वाट पाहून राहिले असतील."

आमच्याकडे माहेराहून निघालेल्या लेकीची ओटी वहिनी भरते, त्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. विधवेची मात्र भरत नाहीत. दादानं तोंड फिरवलं. आता पुन्हा सांगायचं, की बाबा गेले? या बाईला अजून किती वेळा विधवा करायचं? मला राग आला, कुणाचा ते कळेना.

मी पिशवीतले उरलेले तांदूळ काढले. खिचडीसाठी आणलेली हळद तिच्या कपाळाला लावली. कुंकू कुठून आणणार? माझ्या कपाळावरची टिकली काढून तिला लावली. तिनं पदर पसरला, मी ओंजळभर तांदूळ घातले. "येते, वैनी," म्हणत ती वाकून माझ्या पाया पडली. माझी माय. मी तिथंच हंबरडा फोडला असता, पण होडीवाला बघत होता.

होडी निम्म्यावर आली तशी माय पदरातल्या तांदळात बोटं फिरवत बसली. मग तिचा हात कपाळाकडे गेला. टिकली काढून ती माझ्याकडे वळली.

"हे तुझं हाय, पोरी," म्हणाली, आणि माझ्या कपाळावर ती नीट बसवून दिली.

या वेळी तिला काही सांगावं लागलं नाही. ती रडलीही नाही. पदरातले तांदूळ मुठीत घट्ट धरून घरापर्यंत तशीच बसली. रडत होते ती मी.