पार्वतम्माच्या हातचा शिक्का

देगलूर रस्त्यावरच्या आमच्या डुक्करमांसाच्या कारखान्यात पूर्वी सगळी तपासणी सरकारी डॉक्टर करायचे. माल बाद झाला की डुकरंवाला सरकारला शिव्या घालत घरी जायचा आणि आमच्याशी त्याचं चहापाणी सुरूच राहायचं. मग नियम आधुनिक झाले. पहिली तपासणी कारखान्याच्या माणसानं करायची, डॉक्टर शेवटी बघणार. म्हणजे शिव्या आता आमच्या वाट्याला, एवढं मात्र कुणी सांगितलं नाही.

हे काम पार्वतम्माकडं आलं. बाई तोंडाची फटकळ. नांदेडला प्रशिक्षणाला गेली ती लग्नाला निघाल्यासारखी नटून. मी तिच्या शेजारीच मांस कापायला उभी असते.

त्या सकाळी तिच्या धाकट्या भावाची, व्यंकटीची डुकरं आली. हा धंदा त्याला तिनंच काढून दिलेला. पहिल्याच डुकराची जीभ तिनं उलटी केली आणि तिचा हात थांबला. जिभेखाली तांदळाएवढे पांढरे फोड होते. असलं कच्चं मांस पोटात गेलं की माणसाला जंत होतो आणि आजार पार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. एक सापडलं की अख्खा कळप अडवायचा.

खरं सांगते, मी तिच्या जागी असते तर डोळेझाक केली असती. तिनं माल बाद केल्याचा लाल शिक्का मारला. मला तिचा रागही आला आणि कीवही.

आमच्या सरकारी डॉक्टर लुंबिनी मॅडम हळूच म्हणाल्या, "भावाला माझं नाव सांगा. मला सवय आहे."

फाटकाशी व्यंकटी मोटारसायकलवर बसून होता. पार्वतम्मासोबत मीही गेले.

"अक्का, डाक्टरनीनं पकडलं ना?" त्यानं विचारलं.

"न्हाई. म्या पकडलं."

"सख्ख्या भावाचं? आता माझा माल कोन घेईल? आजपासून मला बहीन न्हाई!" त्यानं गाडीला किक मारली.

तिनं हँडल धरलं. "नसू दे. ह्या कळपातलं घरी कापलं व्हतं का, तेवढं सांग."

त्याचा चेहरा पडला. गाडी बंद झाली. "रविवारी. पोरीला लई आवडतं म्हनून."

"नीट शिजलं व्हतं?"

"घाईत उतरवलं व्हतं," म्हणत व्यंकटीनं परत किक मारली. पार्वतम्मानं एप्रन काढून माझ्या हातात कोंबला आणि त्याच्या मागं बसली.

"चल," ती म्हणाली, "पोरीला दवाखान्यात नेऊ."