गालावरच्या वांगावर उतारा

थियारॉय या आमच्या समुद्रकाठच्या गावातल्या बाजारात मासळीवाल्या बायकांची रांग संपते आणि कापडाची दुकानं सुरू होतात, तिथल्या बोळात बावीस वर्षं नोगाय ज्योपचं रंग उजळायच्या मलमाचं टेबल होतं. टेबलावर पांढऱ्या-पिवळ्या डब्या, मागं प्लॅस्टिकची मोठी बादली आणि ढवळायला लाकडी पळी. अंगाला लावायचं साधं लोशन ती बादलीत ओतायची, त्यात औषधाच्या दुकानातली मलमं पिळायची, आणखी दोन-तीन बाटल्यांतलं काय काय घालायची आणि लोण्यासारखा रंग आला की डब्या भरायची. आपण काय घालतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं काय होतं तेही ठाऊक होतं. अडाणी होती बिचारी, असं म्हणून तिला सोडून देऊ नका, कारण अडाणी ती नव्हती.

तिची स्वतःची सुरुवात एका डागापासून झाली. किने पोटात असताना तिच्या गालावर वांग उमटलं. नणंदेनं एक छोटी डबी आणून दिली, नुसत्या डागाला लाव म्हणाली. पंधरवड्यात डाग गेला. पण डागाची जागा उजळ झाली आणि बाकीचा चेहरा काळाच राहिला. मग तिनं चेहऱ्याला लावलं. चेहरा उजळला तर मान परकी दिसायला लागली. मानेला लावलं, तर हात. अशी एकेक जागा जुळवता जुळवता वर्षभरात ती पायाच्या घोट्यापर्यंत पोचली. एवढं करून बोटांचे सांधे, कोपरं आणि कानाच्या पाळ्या काही उजळेनात, उलट निळसर काळ्या पडत गेल्या. आणि ते पहिलं वांग? तीन वर्षांनी परत आलं, आधीपेक्षा गडद. सोडायची सोय उरली नव्हती, दोन दिवस लावलं नाही की अंगाची आग व्हायची आणि पुरळ उठायचं. पुढं नवरा मासेमारीच्या होडीवरून परतलाच नाही. किने तेव्हा चार वर्षांची होती. हाताशी एवढंच एक ज्ञान होतं, ते घेऊन नोगाय बाजारात बसली.

तिच्याकडं गिऱ्हाईक तुटून पडायचं ते नुसत्या मलमासाठी नव्हे. आमच्यात सुतुरा म्हणून एक गोष्ट आहे. दुसऱ्याचं उणं दिसलं तर त्यावर पदर टाकायचा, आपलं असेल तर मूठ उघडायची नाही. ज्या बाईला सुतुरा नाही, तिच्या हातचं पाणीही कुणी पिऊ नये असं म्हाताऱ्या सांगतात. नोगाय सुतुरेची पक्की होती. शिक्षिका यायच्या, इमामांच्या सुना यायच्या, टीव्हीवर भाषणं देऊन "आपला रंग आपली शान" म्हणणाऱ्या बाईसुद्धा एकदा बुरख्यात येऊन डबी घेऊन गेल्या. कुणी काय नेलं, कुणाच्या मांड्यांवर कसले पट्टे उठले, हे तिच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि नोगायकडं अख्ख्या थियारॉयच्या मुठी झाकलेल्या होत्या.

पोरीला मात्र तिनं या सगळ्यापासून चार हात लांब ठेवलं होतं. बादलीजवळ फिरकलीस तर पळीनं फोडीन, असं ती किनेला लहानपणापासून सांगत आली. किने मुळातच जरा उजळ होती, आजोळच्या उजळ वर्णाच्या फुलानी जमातीच्या रक्ताची. तिच्या सासूनं, मारेम न्जायनं, तिला पसंत केली ती याच गोष्टीवर. मारेम हज करून आलेली, बोलायला फटकळ. ज्योप आणि न्जाय ही आमच्याकडं थट्टेची आडनावं. एकमेकांना खादाड म्हणावं, वाट्टेल ते बोलावं, रागवायचं कुणी नाही. लग्नात मारेम सगळ्यांदेखत म्हणाली, "ए ज्योपीण, तुम्ही परातीतला भात संपवायच्या आधी तुझ्या पोरीला उचलून नेते बाई. तुमच्या घरात एवढी एकच वस्तू नैसर्गिक दिसते." नोगायच्या काळ्या पडलेल्या सांध्यांवर होता तो टोमणा. नोगाय हसली. न्जायांना भातापेक्षा जास्त कळतं तरी काय, असं तिनंही सुनावलं आणि तो विषय तिथं संपला.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि किनेला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिच्या गालावर वांग आलं. अगदी आईच्या होतं तिथंच. पोरगी टेबलापाशी येऊन रडली. बारशाच्या दिवशी माणसं येणार, फोटो काढणार, आणि सासू काय म्हणेल? आमच्याकडं आठव्या दिवशी नाव ठेवतात. मेंढा कापतात, बाजरीची लापशी वाटतात, आणि बाळंतीण दिवसातून तीन-चार वेळा झगे बदलून लोकांसमोर बसते. त्या दिवशी लोक बाळाकडं एकदा बघतात आणि आईकडं दहादा. म्हणून पुष्कळ बायका शेवटचे दोन महिने अंगाला जोरात मलम लावतात. बाळंतपणाची तयारी म्हणजे आमच्याकडं दुपटी कमी आणि डब्याच जास्त.

नोगायनं एक छोटी डबी दिली. नुसत्या डागाला लाव, असं बजावलं. आपल्या नणंदेचेच शब्द आपण बोलतोय, हे तिला बोलताना कळलं, तरी ती बोलली. मग पुढं जे व्हायचं तेच झालं. सातव्या महिन्यात टेबलाखालच्या, अंगभर लावायच्या जोराच्या मलमाच्या मोठ्या बाटल्या कमी व्हायला लागल्या. किने दर शुक्रवारी यायची, आईशी गप्पा मारायची, आणि ती गेली की एक बाटली नसायची. नोगाय बाटल्या मोजत होती आणि बोलत नव्हती. पोरीची मान उजळली, मग हात उजळले. मारेम शेजारणींना सांगत सुटली, बघा, गरोदरपणात बाकीच्या काळवंडतात, आमची सून उजळतेय. नोगायनं त्यावरही पदर टाकला.

बाळ आडवं निघालं. सरकारी दवाखान्यात पोट फाडून काढावं लागलं, मुलगी झाली, धडधाकट. त्याच दुपारी नोगायनं किनेची पिशवी आवरताना तळाशी दोन बाटल्या बघितल्या. परिचारिका नाहीतर मारेम बघेल या भीतीनं तिनं त्या आपल्या झग्यात घातल्या आणि घरी नेऊन मोरीत ओतल्या. आपण पोरीची अब्रू वाचवली, असं तिला वाटलं. देवाशप्पथ, तिला एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी किने उलट्या करायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला बाळ उचलवेना. डोळे उघडायची आणि मिटायची, हात थंडगार, रक्तदाब खाली खाली चाललेला. पोटाच्या टाक्यांच्या कडा पांढुरक्या, भिजलेल्या कागदासारख्या, सुई घातली तिथून फाटत होत्या. दोन सलाइनं चढवली, अँटिबायोटिक बदलून बघितलं, तरी रक्तदाब चढेना. डॉक्टर सार नावाची तरुण बाई होती, सकाळपासून तीनदा खाटेपाशी येऊन गेली. तिनं विचारलं, ही अंगाला काही लावायची का? मारेम छाती पुढं काढून म्हणाली, काही नाही, आमच्या सुनेचा रंग जन्मजात आहे. किनेनं ऐकलं, आणि डोळे मिटून हलकेच मान हलवली, सासूच्या बाजूनं. डॉक्टरनं नोगायकडं बघितलं.

"साबण," नोगाय म्हणाली. "आणि शियाच्या बियांचं लोणी."

डॉक्टर तिच्या बोटांच्या सांध्यांकडं बघत होती. नोगायनं हात झग्यात ओढून घेतले.

दुपारी भेटीच्या वेळी डॉक्टर परत आली. जावई बिरान उशाशी उभा होता, मारेम बाळाला घेऊन बसली होती, शेजारच्या खाटांवरच्या बायका आणि त्यांचे नातेवाईक कान टवकारून होते. डॉक्टरनं या वेळी विचारलं नाही, सांगितलं. काही मलमांत स्टिरॉइड असतं. अंगभर रोज चोळलं की ते रक्तात जातं, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बंद करतं. मग मलम एकदम थांबलं, वर ऑपरेशन झालं, की शरीराला उभं राहायला काही उरत नाही. त्यावर इंजेक्शन आहे, आत्ता देता येईल. पण हे जर जंतूंमुळं असेल आणि मी अंदाजानं ते दिलं, तर जखम आणखी चिघळेल. संध्याकाळपर्यंत वाट बघायला वेळ नाही.

नोगाय उठली आणि डॉक्टरला म्हणाली, जरा बाहेर या. डॉक्टर वळली, तर मारेमही उठली. सून माझी आहे, जे काय बोलायचं ते माझ्यासमोर बोल, म्हणाली. त्यात थट्टा नव्हती. किनेनं डोळे उघडले होते. ओठ हलले नाहीत, पण तिची नजर आईला स्पष्ट सांगत होती की बोलू नकोस. बावीस वर्षं ज्या नजरेनं बाया नोगायच्या टेबलापाशी उभ्या राहायच्या, तीच नजर. आणि नोगायनं तोवर एकीलाही दगा दिलेला नव्हता.

तिनं खाटेचा गज धरला.

"लावायची," ती म्हणाली. आवाज असा फुटला की चार खाटांपलीकडं ऐकू गेला. "सगळ्या अंगाला, सकाळ-संध्याकाळ, दोन महिने. मलम मीच बनवते. एका बाटलीत आठ ट्यूब पिळलेल्या असतात, तुम्ही म्हणता तेच औषध. आणि बाटल्या परवा मीच उचलून नेल्या. हिला लाज नको म्हणून नेल्या."

डॉक्टरनं ट्यूबचं नाव विचारलं, नोगायनं सांगितलं. मग डॉक्टर अक्षरशः पळत गेली. इंजेक्शन आलं, दिलं गेलं. मारेमनं बाळ बिरानच्या हातात दिलं आणि जपमाळ काढून बसली. नोगायकडं तिनं मान वर करूनही बघितलं नाही. एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं, ज्योपीण म्हणून हाका मारल्या असत्या तरी चाललं असतं.

संध्याकाळची अजान व्हायच्या आत रक्तदाब चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी किने उशीला टेकून बसली, घोटभर पेज प्यायली. नोगायच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. किनेनं तो बाजूला केला.

"सगळ्यांसमोर सांगितलंस, याय," ती आईला म्हणाली.

"मेली असतीस."

"झाकून मेले असते."

असं बोलायला पोरीला कुणी शिकवलं, हे नोगायला चांगलंच ठाऊक होतं.

बारशाला तिला बोलावणं आलं नाही. बारसं तसंही घरातल्या घरात झालं, बाळंतीण दवाखान्यातच होती. बाजारात मात्र वाऱ्यासारखं पसरलं. जी स्वतःच्या पोरीचं झाकू शकली नाही ती आमचं काय झाकणार, असं म्हणून बायका बोळ टाळून जायला लागल्या. नोगायनं बादली भंगारवाल्याला दिली आणि त्याच टेबलावर वाळवलेल्या माशांचे तुकडे मांडले. कुणाचा उपदेश ऐकून नव्हे. ढवळायला पळी हातात घेतली की किनेच्या टाक्यांच्या फाटलेल्या कडा डोळ्यांसमोर यायच्या, म्हणून.

चाळीस दिवसांनी बिराननं किनेला आणि बाळाला माहेरी आणून सोडलं, थोडे दिवस राहू दे म्हणाला. किती दिवस ते त्यानं सांगितलं नाही आणि नोगायनंही विचारलं नाही. डॉक्टरनं औषध हळूहळू कमी करत आणलं होतं. मलम सुटल्यावर किनेची कातडी काळवंडत होती, तीही सगळीकडं सारखी नाही, ठिकठिकाणी. गालावरचं वांग पसरून कपाळाला भिडलं होतं. ती आल्या आल्या भिंतींच्या आतल्या अंगणात आरशापुढं बसली. नोगाय तांदूळ निवडत होती.

किने म्हणाली, "याय, नुसत्या गालापुरतं दे. थोडंसं. जोराचं नको."

"नाही माझ्याकडं."

"अख्ख्या थियारॉयला दिलंस. मलाच नाही?" किने उठली. "बोळात दुसऱ्या चौघी बसतात, त्यांच्याकडून आणते." तिनं बाळ पाठीला बांधायला फडकं उचललं.

नोगायनं सूप खाली ठेवलं. अंगणाच्या दाराला आतून कडी घातली. मग भर दुपारच्या उजेडात, पोरीसमोर, तिनं डोक्याचं फडकं सोडलं, झगा डोक्यावरून काढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. आमच्याकडं मुलगी आईचं अंग बघत नाही. किनेनं कधी बघितलं नव्हतं. खांद्यांपासून कमरेपर्यंत निळ्या-काळ्या दाण्यांचा थर होता, मधूनमधून कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. काखेपासून मांड्यांपर्यंत बोट बोट रुंद पट्टे, फाटून पुन्हा जुळलेले. एका बाजूला वर्षापूर्वी खरचटून झालेली जखम होती, ती अजून पुरती मिटली नव्हती.

"तू पोटात असताना गालावर एक डाग आला," नोगाय भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "तेवढाच घालवायचा होता मला."

किने फडकं हातात धरून बघत होती. बाळ चटईवर कुरकुरलं, तरी तिनं तिकडं बघितलं नाही. मग ती पुढं आली आणि त्या न मिटलेल्या जखमेच्या कडेला तिनं बोटाचं टोक हळूच टेकवलं.

"दुखतं का गं?" तिनं विचारलं.

नोगायला हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं, आणि कुणी विचारलं असतं तरी तिनं नाही म्हटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "रोज."